जांभळ्या चिंधीचं पोतं

सकाळचे साडेसहा वाजले होते. चुलीवर तवा तापला होता, परातीत पीठ मळून तयार होतं आणि मागच्या परसात जाईबाईचा नवरा साहेबराव राखुंडीनं दात घासत सगळ्या आळीला ऐकू जाईल असा खाकरत होता. जाईबाईनं पहिली भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली.

"कोन हाय?"

"मी किसन. दार उघड जाईबाई, मला फार येळ उभं ऱ्हावत न्हाई."

किसन हा मालधक्क्यावरचा जुना हमाल. सात वर्षांपूर्वी फळीवरून पडून त्याचा घोटा मोडला, हाड तिरकं बसलं, आणि हमाली सुटून धक्क्याच्या तोंडाशी चहाची टपरी आली. सकाळची गिऱ्हाइकं सोडून हा माणूस लंगडत आपल्या दारी आला, म्हणजे प्रकरण साधं नाही, हे जाईबाईनं कडी काढता काढताच ओळखलं.

किसन उंबऱ्यावरच टेकला. पाय लांब केला.

"आमची वहिनी भिवाचं जमवाय निघालीय," तो म्हणाला. भिवा म्हणजे त्याचा पुतण्या. देहूरोडला विधवा आईजवळ राहायचा, आकुर्डीच्या कंपनीत नुकताच कायम झाला होता.

"बरं झालं की. कुनाची पोर?"

"तीच तर मौज हाय. भोसरीच्या सुभद्रेची. कस्तुरा."

जाईबाईचा हात तव्यावरच थांबला. भाकरीला फोड आला, फुटला, त्यातून वाफ निघून गेली.

"आता तूच सांग," किसन म्हणाला, "जिनं शिवलेल्या पोत्याच्या टाक्यानं माझा पाय गेला, तिची पोर आमच्या घरात सून म्हनून आनायची? मी वहिनीला सरळ सांगितलं, हे व्हायचं न्हाई. तर वहिनी म्हनती, भावजी, तुमी रागानं बोलताय, चुकून सुटलं आसंल येखादं पोतं. म्हनलं, मग जाईबाईलाच इचारा. सुभद्रेला टाका तिनं शिकवला, शेजारी बसायची ती, तिच्या डोळ्यादेखत झालंय. ऐतवारी वहिनी टपरीवर येनार हाय. तू फकस्त यायचं आन सांगायचं, बाई बेफिकीर, आईचं वळन पोरीत उतरतंय. बास."

परसातून साहेबराव तोंड पुसत आला. "किसनराव, च्या घेनार, का टपरीचा पिऊनच आलाव?"

"टपरीचा मी पीत न्हाई, साहेबराव. त्यात काय आसतं ते मला ठावं हाय."

दोघं हसले. जाईबाई हसली नाही. करपलेली भाकरी तिनं बाजूला काढली आणि म्हणाली, "बघते." किसननं ते 'येते' असंच धरलं आणि भिंतीला हात लावत उठला.

खरं सांगायचं तर सुभद्रेच्या पोरीचं लग्न अडलं, हे ऐकून जाईबाईच्या मनाला आधी गुदगुल्याच झाल्या. कंपनीत कायम झालेला मुलगा, डोक्यावर दोन खोल्यांचं छप्पर, आणि हे सगळं कुणाला? तर सुभद्रेला! दर वेळी लाडू पडायचा तो हिच्याच ताटात का? जाईबाईचा एकुलता लेक रंगराव काळेवाडीत सासऱ्याच्या दुकानात तराजू धरून बसला होता आणि आईला भेटायला यायचं तर सासऱ्याची परवानगी काढत होता. त्या दुपारी जाईबाईनं एक भाकरी जास्त खाल्ली.

संध्याकाळी भांडी घासताना मात्र किसनचे शब्द पुन्हा कानात आले. येऊन सांगायचं. सात वर्षं ती गप्प बसली होती आणि गप्प बसणं तिला अंगवळणी पडलं होतं. आता तोंडानं बोलायचं होतं. आणि किसनचा पाय ज्या पोत्यानं मोडला, त्या पोत्याचा टाका सुभद्रेचा नव्हताच. तो जाईबाईचा होता.

*

शीववाडी हे गाव म्हणजे रुळांच्या दोन्ही अंगांना सांडलेली घरं. धक्क्याच्या शेवटाला एक चुना लावलेला दगड होता. त्याच्या पलीकडं कॅन्टोन्मेंट, अलीकडं ग्रामपंचायत. पलीकडच्या घरांना नळ होता, अलीकडच्यांना विहीर. पलीकडं कोंबडी गेली तर शिपाई हाकलायचा, अलीकडं आली तर कुणीही कापून खायचं. पूर्वी इथं ज्वारी आणि हरभरा पिकायचा. बासष्ट साली चीनची लढाई लागली, पलीकडच्या लष्करी डेपोचा माल वाढला आणि सरकारनं एक जादा रूळ टाकून लांबलचक धक्का बांधला. डेपोचा माल सीलबंद डब्यांतून परस्पर पलीकडं जायचा. बाकी सगळं, म्हणजे साखर, गहू, मीठ, पेंड, खत, शीववाडीत उतरायचं आणि इथून ट्रकमध्ये किंवा बैलगाडीत चढून चाकण, खेड, वडगावच्या बाजारांना जायचं. रेल्वेतून रस्त्यावर माल चढवणं हाच गावाचा धंदा झाला. शेतं ओस पडली आणि बायका "पाऊस कधी येणार" याऐवजी "रेक कधी लागणार", म्हणजे मालगाडी कधी येणार, असं विचारू लागल्या.

जाईबाई तेव्हा बावीस वर्षांची होती. साहेबराव हमालांच्या टोळीत लागला होता. हमालांच्या लोखंडी आकड्यांनी पोती फाटायची, दोरे उसवायचे, आणि फाटकं पोतं व्यापारी ताब्यात घेत नसत. मुकादम चिमाजी हातात पोतं घेऊन शिव्या देत फिरायचा. एकदा जाईबाई नवऱ्याची भाकरी घेऊन आली होती. तिनं चिमाजीच्या हातातलं दाभण घेतलं, सुतळी ओवली आणि उभ्या उभ्या पोत्याचं तोंड शिवून दिलं. चिमाजी म्हणाला, "अगं, तू तर शिंप्याची का कोन?" ती म्हणाली, "शिंप्याची न्हाई, गोधड्या शिवनाऱ्याची."

त्या दिवसापासून पत्र्याच्या वळचणीखाली, पहिल्या खांबापाशी, जाईबाईची जागा झाली. धक्क्यावर बसणारी ती पहिली बाई. पुढं आणखी चार-पाच जणी आल्या, पण पहिला खांब तिचा. रेक लागला की चिमाजी आधी तिच्याकडं बघून विचारायचा, "जाईबाई, लावू का माणसं?" आता माणसं लावायला तिची परवानगी कशाला हवी होती? पण विचारायचा. बारा वर्षं विचारलं.

या शिवणाऱ्या बायकांची एक रीत होती. पोत्याचं तोंड शिवून झालं की दोन्ही कोपऱ्यांना हमालाच्या मुठीत येतील असे दोन कान काढायचे आणि एका कानाला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. कुणाची लाल, कुणाची निळी, जाईबाईची हिरवी. टाका सुटला, तर चिंधी बघून पोतं त्या बाईकडं परत यायचं आणि तिनं ते फुकट शिवून द्यायचं. लिहिता-वाचता कुणालाच येत नव्हतं. ती चिंधी म्हणजेच तिची सही.

त्र्याहत्तरच्या सुरुवातीला, मराठवाड्यात दुष्काळ पडलेला असताना, किसन त्याच्या गावाकडचं एक कुटुंब घेऊन आला. ज्योतीराम, त्याची बायको सुभद्रा आणि नऊ वर्षांची पोरगी. "दोन दिस पडवीत ऱ्हाऊ दे जाईबाई, माज्या खोलीत पाय ठेवाय जागा न्हाई." जाईबाईनं राहू दिलं. दोन दिवसांचे अकरा महिने झाले. सुभद्रेच्या अंगावरचं लुगडं इतकं विरलं होतं, की जाईबाईनं आपलं एक जांभळं नऊवारी मधोमध फाडून अर्धं तिला दिलं आणि उरलेलं अर्धं गोधडीसाठी ठेवलं. स्वतःच्या शेजारी तिला बसवलं. दाभण कसं धरायचं, सुतळीला मेण किती, शेवटची दुहेरी गाठ कुठं मारायची, सगळं शिकवलं. सुभद्रेनं चिंधी बांधायला त्याच जांभळ्या लुगड्याच्या काठाजवळची पट्टी फाडली. तिच्याजवळ दुसरं होतं काय?

पहिले सहा महिने जाईबाईला तिचं कौतुक होतं. मग हळूहळू डोळ्यात खुपू लागलं.

सुभद्रा भरभर शिवायची. त्यात काही गैर नाही. पण शिवताना गाणं म्हणायची, हमालांशी गावरान थट्टा करायची, आणि हसली की धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं. चिमाजी मुकादम जाता जाता तिच्यापाशी थांबू लागला. सगळ्यात वाईट म्हणजे तिचे कान. सुभद्रा पोत्याच्या कोपऱ्यात मूठभर धान्य आधी दाबून बसवायची आणि मग कान काढायची. त्यामुळं तो टणक, गोल आणि हातात अलगद बसणारा व्हायचा. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. जाईबाईनं तर नव्हतीच शिकवली, कारण जाईबाईला ती सुचलीच नव्हती.

"सुभद्रावैनीचं पोतं द्या मला," हमाल ओरडायचे. "जाईबाईचा कान म्हंजी म्हातारीचा कान, धरला की लोंबतोय!"

"आरं ए, माझा कान धरनारा अजून जल्माला यायचाय," जाईबाई उलट टोला द्यायची. सगळे हसायचे, तीही हसायची. पोटात मात्र आग पडायची.

आणि एका संध्याकाळी साहेबराव, तिचा स्वतःचा नवरा, जेवता जेवता म्हणाला, "काई म्हन, पर त्या सुभद्रेच्या पोत्यानं हात दुखत न्हाई."

जाईबाईनं त्याच्या पुढ्यात आमटीची वाटी अशी आदळली की निम्मी आमटी जमिनीवर गेली. "मग तिलाच सांग भाकरी थापायला. तिच्या भाकरीनं दातबी दुखायचं न्हाईत."

"अगं, मी पोत्याचं बोलतोय."

"मीबी पोत्याचंच बोलते."

तोवर सुभद्रेनं चुन्याच्या दगडापलीकडं स्वतःची खोली केली होती. म्हणजे नळाच्या बाजूला! तिच्या घरी पाणी धो धो, आणि जाईबाई अजून विहिरीवर रहाट ओढत होती. कस्तुरा शाळेत पहिली आली, तेही जाईबाईला हमालांच्या तोंडून कळलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ती मनाशी रोज म्हणायची. म्हणून बरं काही वाटत नव्हतं, पण म्हणायची.

मग पंचाहत्तर सालच्या दिवाळीआधी साखरेचा रेक लागला. भल्या पहाटेच चिमाजी आला. तो पहिल्या खांबाशी थांबला नाही. सरळ दुसऱ्या खांबापाशी गेला आणि म्हणाला, "सुभद्राबाई, लावू का माणसं?"

एवढंच. त्याच्या लक्षातही आलं नसेल. सुभद्रा तर खळखळून हसली. "मला कामून इचारताव मुकादम? आक्काला इचारा." आक्का म्हणजे जाईबाई. ते 'आक्काला इचारा' जाईबाईला जास्त झोंबलं. आता हिच्या मेहेरबानीनं आपल्याला विचारणार!

दुसऱ्या दिवशी येताना तिनं गोधडीसाठी ठेवलेल्या अर्ध्या जांभळ्या लुगड्यातून एक चिंधी फाडून कमरेला खोचली. दुपारी सुभद्रा नळावर पाणी भरायला गेली. जाईबाईनं उसवलेलं एक साखरेचं पोतं पुढं ओढलं, लांब लांब, सैल टाके घातले, शेवटची गाठ मारलीच नाही, आणि कानाला जांभळी चिंधी बांधली. तिच्या मनात फार काही नव्हतं. पोतं ट्रकवर रचताना सुटेल, चार शेर साखर सांडेल, पोतं परत येईल, हमाल सुभद्रेला हसतील. तिलाही कधीतरी हसू देत की लोकांना!

पण एक गोष्ट ती विसरली. हमालांना सुभद्रेची पोती हवी असत. जांभळी चिंधी दिसली, की ते त्या कानाला विश्वासानं हात घालत, आकडासुद्धा लावत नसत. किसननं ते पोतं पाठीवर घेतलं ते नुसत्या कानाच्या जोरावर. धक्का आणि ट्रक यांच्यामधल्या फळीवर तो मधोमध आला आणि तोंड उसवलं. साखर त्याच्या मानेवरून, पाठीवरून, फळीवर पसरली. ओल्या फळीवर साखर म्हणजे तेलच. किसन खाली गेला, पाय ट्रकच्या लोखंडात अडकला, आणि तो असा ओरडला की पलीकडच्या डेपोतले शिपाई धावत आले.

किसनला उचलून नेल्यावर चिमाजीनं ते रिकामं पोतं सगळ्यांसमोर धरलं. "कुनाची चिंधी ही?"

सुभद्रा पुढं आली. तिनं पोत्याचं तोंड हातात घेतलं, टाक्यांवरून बोट फिरवलं, एकेका भोकाशी थांबत शेवटपर्यंत नेलं. शिवणाऱ्या बाईला दुसरीचा टाका कळतो, अगदी अक्षर कळावं तसा.

"चिंधी माझी हाय," सुभद्रा म्हणाली.

याखेरीज ती एक शब्द बोलली नाही. त्याच संध्याकाळी चिमाजीनं तिला धक्क्यावरून कमी केलं. आठवड्याच्या आत ज्योतीराम बायको-पोरीला घेऊन भोसरीला गेला.

*

पहिला खांब जाईबाईचा राहिला. चिमाजी पुन्हा तिला विचारू लागला. पण तिला वाटलं होतं तशी आग विझली नाही. हमाल कुरकुरायचे, "सुभद्रावैनी आसती तर..." आणि किसनची लंगडी चाल बघून गप्प व्हायचे. जाईबाईनं एक-दोनदा कोपऱ्यात धान्य दाबून तसा कान काढायचा प्रयत्नही केला. जमेना. कान वाकडा यायचा.

भोसरीहून बातम्या येत राहिल्या. सुभद्रा एका कारखान्यात ट्रकच्या ताडपत्र्या शिवते. सुभद्रेनं स्वतःचं मशीन घेतलं. सुभद्रेच्या हाताखाली तीन बायका आहेत. प्रत्येक बातमीला जाईबाई नाक मुरडायची आणि रात्री कुशीवर वळून साहेबरावला म्हणायची, "तिला भोसरी कुनामुळं दिसली?" साहेबराव झोपेत म्हणायचा, "कुनामुळं?" मग ती पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. सुभद्रेला तिच्या नशिबापर्यंत आपणच ढकलत नेलं, आणि त्याचं श्रेयसुद्धा आपल्याला घेता येत नाही, हे तिला फार लागायचं.

त्याहून लागायचं ते सुभद्रेचं वाक्य. चिंधी माझी हाय. टाका माझा हाय, असं नव्हती म्हणाली ती. तिला कळलं होतं, की नव्हतं? कळलं असेल तर बोलली का नाही? सात वर्षं जाईबाई ते वाक्य उलटंसुलटं करून बघत होती.

दरम्यान धक्काही ओसरला. कंपन्यांचे ट्रक थेट मुंबईपर्यंत जाऊ लागले, पोती कारखान्यातूनच मशीनवर शिवून यायची, आणि ब्याऐंशी साल उजाडलं तेव्हा शीववाडीला महिन्याला दोन रेक लागले तरी पुष्कळ. चार खांबांखाली कुत्री झोपायची. पहिल्या खांबासाठी भांडायला आता कुणी उरलं नव्हतं.

किसन मात्र टपरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज तेच सांगायचा. "गावाकडची म्हनून मी आनली, आन तिनंच माझा पाय खाल्ला." जाईबाई टपरीसमोरून जाताना पदर नीट करायची आणि पावलं उचलायची.

*

किसन आला तो गुरुवार होता. शुक्रवारी जाईबाईला भाकरी गोड लागली नाही. शनिवारी सकाळी तिनं इरकली नेसली, साहेबरावला "काळेवाडीला जाऊन येते" म्हणून खोटंच सांगितलं आणि भोसरीची बस धरली.

सुभद्रेची खोली शोधायला वेळ लागला नाही. "ताडपत्रीवाली सुभद्राबाई" म्हटल्यावर पानवाल्यानं बोट दाखवलं. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं ओटा. ओट्यावर हिरवी ताडपत्री पसरलेली आणि तिच्यात मांडी घालून सुभद्रा बसलेली. अंगानं भरली होती. कानात सोन्याच्या कुड्या. आत लोखंडी कपाट, कपाटाला आरसा. जाईबाईनं एका नजरेत सगळं टिपलं आणि इतक्या मोठ्या कामाला येऊनही पहिला विचार मनात आला तो असा, की कुड्या माझ्यापेक्षा जड आहेत.

"आक्का?" सुभद्रा उठून उभी राहिली. "वाट चुकलाव का काय?"

"न्हाई. तुझ्याकडंच आले."

सुभद्रेनं पाणी दिलं. चहा टाकला. कस्तुरा आत इस्त्री करत होती, तिला तिनं साखर आणायला पिटाळलं, म्हणजे बाहेर पाठवलं. मग समोर बसली आणि सुतळीला मेण चोळत म्हणाली, "किसनभाऊनं काय लावलंय, ते कळलंय मला. त्याच्यासाटीच आलाव नव्हं?"

"त्यानं मला साक्षीला बोलावलंय. उद्या."

"मग? काय सांगनार हाव?"

जाईबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बोलायचं ते बसमध्ये तीनदा जुळवलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. शेवटी तिनं सात वर्षांचा प्रश्नच विचारला. "सुभद्रे, तू तवाच वळखलं हुतंस का?"

सुभद्रा मेण चोळत राहिली. "टाका वळखू येत न्हाई व्हय आक्का? तुमीच शिकवलाव. तुमचा टाका डाव्या अंगाला कलतो. माझा कलत न्हाई."

कलतो. हेही तिला ठाऊक होतं. जाईबाईला स्वतःला ठाऊक नव्हतं.

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुमी गावच्या, मी पोटासाटी आल्याली. तुमच्या पडवीत अकरा म्हैने काढल्याले. आन अंगावरचं लुगडं तुमचं. माझं कोन खरं मानलं असतं?" सुभद्रेचा आवाज चढला. "लई देवमानूस समजू नगा मला. म्हैनाभर तुमच्या नावानं कडाकडा बोटं मोडली म्या. किसनभाऊ माझ्या गावचा मानूस, त्याच्या दारात जायला मला तोंड ऱ्हायलं न्हाई. हितं काम लागलं, मशीन आलं, मंग राग जरा निवाला. निवाला म्हंजी गेला न्हाई. पोरीचं मोडाय निघालं तवा पुन्ना भडकलाय."

"मग जाऊन सांग की त्याला."

"मी? सात वर्सांनी? पोरीचं जमंना म्हनून आता दुसरीवर ढकलती, आसंच म्हनंल त्यो." तिनं दातानं सुतळी तोडली. "त्यो तुमचं ऐकतोय. माझं न्हाई."

हे खरं होतं. आणि जाईबाईला त्या क्षणी पुन्हा तीच जुनी कळ आली. उद्या किसनच्या टपरीवर ही बाई धुतल्या तांदळासारखी ठरणार. लोक म्हणतील, बघा, सात वर्षं तोंड मिटून राहिली. आणि आपण? गप्प राहण्यातसुद्धा हिनं आपल्याला मागं टाकलं. क्षणभर वाटलं, उठावं, बस धरावी आणि उद्या टपरीवर जाऊच नये. नाही गेलं तर कुणी ओढत थोडंच नेणार आहे?

तेवढ्यात कस्तुरा साखरेची पुडी घेऊन आली. उंच झाली होती. तिनं वाकून जाईबाईच्या पाया पडायला हात पुढं केला आणि म्हणाली, "आक्कामावशी, मी तुमच्या पडवीत पाढे पाठ करायचे. आठवतंय का?"

जाईबाईला आठवत होतं. तेव्हाही तिला हेवाच वाटला होता. रंगरावला बाराच्या पुढं पाढे कधी आले नाहीत.

तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, चहा बशीत ओतला आणि संपवला. बशी खाली ठेवली. सुभद्रेकडं न बघता, ताडपत्रीच्या शिवणीकडं बघत ती म्हणाली,

"उद्या मी किसनला सांगते. पोतं मी शिवलं, चिंधी मी बांधली, सगळं सांगते. भिवाच्या आईसमोर सांगते. त्यो काय बोलायचं ते बोलू दे. पर त्याचा पाय बघितला की माझं तोंड बंद हुतंय, सुभद्रे. सात वर्सं झालं. येकटीनं व्हायचं न्हाई. तू बोलू नगंस काई. फकस्त माझ्यासंगट टपरीपत्तुर चल."